कंपनीचेच

छावणीतल्या त्या गल्लीत काल पुन्हा जळक्या ऑइलचा वास आला आणि पाय थबकले. आमचे जुने मेकॅनिक उस्ताद, त्यांच्या गॅरेजच्या जागी आता चकचकीत दुकान झालं आहे. पाटीवर ठळक अक्षरं: ‘येथे कंपनीचेच पार्ट मिळतील.’ त्या ‘च’कडे पाहून माझं डोकं असं भडकलं, की दुकानदाराशी उगाच भांडावंसं वाटलं. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? माझ्या आयुष्यात तो ‘च’ माझ्याच पेनातून उतरला होता.

तेव्हा आम्हा मोटरसायकलवेड्यांनी लासूर स्टेशनच्या रस्त्यालगत एका मैदानावर पाव मैलाच्या सरळ शर्यती भरवल्या होत्या. त्यात एक गट बिनफेरफाराच्या गाड्यांचा. इंजिन कारखान्यातून आलं तसंच हवं. नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. भाग मूळ मापाचे असावेत, एवढंच म्हणायचं होतं. पण भाषेच्या तोऱ्यात मी लिहून बसलो, ‘सुटे भाग कंपनीचेच असावेत.’ उस्तादांची गाडी माझ्या वयाची, ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. म्हणून पिस्टनची पिन त्यांनी स्वतः लेथवर घडवली होती. पन्नाशीतला तो माणूस ठेवणीतला शर्ट घालून आला, आणि नव्याकोऱ्या गाड्यांना मागे टाकून पहिला आला! हरलेल्यानं, म्हणजे मैदानमालकाच्या पुतण्यानं, इंजिन उघडायला लावलं. पिनेवर कंपनीचा शिक्का नव्हता.

“माप घ्या की साहेब,” उस्ताद म्हणाले, “केसाचा फरक नाय निघायचा. शिक्का पळतो का इंजिन पळतं?”

माप घेतलं. तंतोतंत होतं. तरी पुतण्या माझा कागद नाचवत त्या ‘च’वर बोट आपटत राहिला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘लिहिताना चुकलो, मला माप म्हणायचं होतं,’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण पुढच्या वर्षी मैदान मिळणार नाही या भीतीनं मी म्हणालो, “लिहिलंय तसंच.” उस्तादांना बाद केलं, वर नावापुढे ‘लबाडी’ असा शेरा मारला. लबाडी! इतक्या वर्षांनीही तो शब्द आठवला की संताप येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचाच.

त्या मैदानावर आता प्लॉट पडलेत. शहर नावासकट बदललं. उस्ताद मात्र शेवटपर्यंत माझी स्कूटर तितक्याच मायेनं दुरुस्त करत राहिले. मी माफी मागितली नाही, त्यांनी विषय काढला नाही. फक्त दर वेळी, साधा वायसर बदलायचा असला तरी, हात पुसत माझ्याकडे पाहून विचारायचे, “साहेब, कंपनीचाच टाकू?”