कामोल्यीच्या खोट्या खिडक्या आणि बाबांचे डोळे

बाबा जर्मनीत माझ्याकडे येनाला आले त्याच आठवड्यात मी ठरवून टाकलं की त्यांना इटलीचा समुद्र दाखवायचा. असा, की सांगलीला परत गेल्यावर महिनाभर त्यांना कट्ट्यावर विषय पुरला पाहिजे. ताईच्या बाळंतपणासाठी आई पुण्यात अडकलेली, त्यामुळे या खेपेला बाबा एकटेच आले होते. नकाशा पसरून मी जिनोआच्या खाली बोट ठेवलं आणि कामोल्यी निवडलं. जुन्या खलाशांचं गाव, बंदराला खेटून सहा-सहा मजली रंगीत घरं आणि शेजारच्या नावाजलेल्या गावांपेक्षा गर्दी कमी. मी याद्या करणारी बाई आहे. गाड्यांच्या वेळा, खोलीचं बुकिंग, पासपोर्टच्या झेरॉक्स, वाटेतल्या दशम्या, सगळं लिहून काढलं. आणि नेमकं त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की बाबा दारांच्या चौकटींना डावा खांदा आपटतायत.

दोनदा मी हसले. तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, मोतीबिंदू आहे. अजून पिकायचाय. पिकला की काढून टाकू, त्यात काय!"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"कशाला? माझ्या आईचा असाच पिकला होता."

मी येनातल्या एका संस्थेत दिवसभर भिंगं तपासते. तरीही हे उत्तर ऐकून गप्प बसले, कारण तिकिटं काढून झाली होती. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

एका दमात कुणी जाऊ नका. आम्ही आधी येनाहून म्युनिक गाठलं आणि जवळच्याच उंटरश्लाइसहाइमला मैत्रिणीकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेनरमार्गे मिलानला जाणारी गाडी पकडली. सीटचं रिझर्व्हिअरुंग, म्हणजे आरक्षण, वेगळं करावं लागतं, ते विसरू नका. डोंगर, बोगदे, मग सफरचंदांच्या बागा, आणि दशम्यांबरोबर शेंगदाण्याची चटणी. बाबा खिडकीतून पाहत, "वा, वा" करत होते. मिलानला गाडी बदलताना मात्र एका बाईची ट्रॉली डावीकडून येऊन त्यांच्या पोटरीवर आदळली.

"काय माणसं आहेत! सांगून येत नाहीत," बाबा करवादले.

ती बाई चांगली दहा पावलांवरून येताना मला दिसली होती. मी मुकाट्याने त्यांच्या डाव्या हाताला चालायला लागले.

कामोल्यीचं स्टेशन उंचावर आहे आणि बंदर खाली, त्यामुळे गावात शिरायचं म्हणजे पायऱ्या उतरायच्या. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, दोघांचे सत्तर युरो, लिफ्ट नाही. जिना अरुंद, अंधारा, आणि प्रत्येक पायरीची उंची वेगळी. बाबा भिंतीला हात लावून चढत होते. मी मागे राहिले, पडलेच तर झेलायला. मी त्यांना काय झेलणार होते कुणास ठाऊक.

सकाळी मात्र गावाने मला गाफील पकडलं. गेरू, पिस्ता, शेंदरी, मलईसारखा पिवळा. उन्हात सगळी भिंत पेटल्यासारखी दिसत होती. समुद्रावरून परतणाऱ्या खलाशाला आपलं घर लांबून ओळखू यावं म्हणून हे रंग, असं म्हणतात. आणि गंमत म्हणजे यातल्या कितीतरी खिडक्या खोट्या आहेत. झडपा, चौकट, वरची नक्षी, सगळं भिंतीवर रंगवलेलं.

बाबा पाटबंधारे खात्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. धक्क्यावर उभं राहून त्यांनी खोट्या खिडक्या शोधण्याचा सपाटाच लावला.

"ती बघ, चौथ्या मजल्यावरची. ऊन डावीकडून येतंय आणि झडपेची सावलीही डावीकडेच. खोटी!"

मला इतकं हलकं वाटलं की मी दोन मोठ्या फोकाच्या घेतल्या. फोकाच्या म्हणजे ऑलिव्ह तेलात न्हालेला जाड, चपटा पाव, वजनावर मिळतो. दुपारचं जेवण त्यात भागतं. चौथ्या मजल्यावरची सावली टिपणाऱ्या माणसाची काळजी मी उगाचच करते, असं म्हणत मी त्यांच्या उजवीकडे आले. पुढच्याच मिनिटाला बाबा होड्या बांधायच्या लोखंडी खुंट्याला अडखळून आडवे झाले. खुंटा गुडघ्याएवढा उंच होता आणि डावीकडे होता.

जाळी विणत बसलेल्या दोन कोळ्यांनी त्यांना उठवून बाकावर बसवलं. गुडघा खरचटला होता, तेवढंच. पण माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मोतीबिंदू असता तर सगळंच धूसर झालं असतं. चौथ्या मजल्यावरची सावली दिसली नसती.

"बाबा, माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बोट दिसलं की सांगा."

उजवीकडून बोट आणलं, त्यांनी लगेच सांगितलं. डावीकडून आणलं. कानापाशी काही नाही. गालापाशी काही नाही. बोट जवळजवळ माझ्या नाकासमोर आलं तेव्हा ते म्हणाले, "हां, आता."

मी म्हटलं, हा मोतीबिंदू नाही.

"तोंड काय पाडतेस? मोतीबिंदू नाही म्हणजे चांगलंच की!"

"चांगलं नाही बाबा. हा काचबिंदू असणार. कडेकडेने नजर जाते, दुखत नाही, कळत नाही. आणि हा पिकायची वाट पाहायची नसते."

 मी म्हटलं, उद्याच परत जाऊ. ते म्हणाले, "उद्या होडीने तुझ्या यादीतल्या त्या मठाला जायचं ठरलंय ना? मग जायचं. एका दिवसात काय आंधळा होत नाही मी."

गेलो. होडी अर्ध्या तासाची, डोंगराच्या कुशीत मठ, बाटलीसारखं हिरवं पाणी. पण मठ कसा होता असं मला विचाराल तर नीट सांगता येणार नाही. होडीत चढायच्या फळीला किती आडव्या पट्ट्या होत्या, ते सांगू शकेन. मी दिवसभर फक्त बाबांचे पाय पाहिले. आपल्या वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर जरूर जा, पण स्टेशनच्या जवळची, तळमजल्याची खोली घ्या. आणि निघण्याआधी डोळे तपासून घ्या त्यांचे.

परत आल्यावर ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या ओळखीने चार दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली. एरवी सहा आठवडे लागले असते. डॉक्टरीणबाईंनी बाबांना एका पांढऱ्या अर्धगोलासमोर बसवलं. मध्ये बघायचं, कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे खुर्चीत. आधी क्लिक, क्लिक, क्लिक. मग काहीच नाही. यंत्र कसं चालतं हे मला माहीत आहे, ठिपके थांबत नाहीत. ते येत होते आणि बाबा शांतपणे पुढच्याची वाट पाहत बसले होते. मला रडू आवरेना.

"आल्झो, असं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलं ते परत येणार नाही. राहिलेलं राखता येईल. रोज थेंब, जन्मभर."

मी मराठीत सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, "स्कूटर?"

"नाइन," त्या म्हणाल्या. हे बाबांना न सांगताच समजलं.

फोटो शंभरावर निघालेत. बाबांनी त्यातले सगळे रंगीत घरांचे निवडून सांगलीला न्यायला ठेवलेत. माझ्याकडे या सहलीतून उरली आहे ती भीती. अशा वेळी मी लांब असेन, ही. दर रविवारी वेबकॅमवर मी त्यांना पाहत होते आणि ते नेहमी बरोबर माझ्या समोर बसलेले असायचे.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं.

"तुम्ही सख्खी मुलगी ना? हे घराण्यात असतं. तुम्ही कधी तपासलंत?"

कधीच नाही. सात वर्षं भिंगं तपासतेय आणि स्वतःचे डोळे एकदाही नाही. काय म्हणतायत हे बाबांनी विचारलं, मी सांगितलं, आणि स्वतःच्या निकालाला न हललेला तो माणूस पांढराफटक पडला.

डॉक्टरीणबाईंनी लगेच मला त्याच अर्धगोलासमोर बसवलं आणि मी हनुवटी टेकवली. बाबांना बाहेर थांबायला सांगितलं तर ते हललेच नाहीत, माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. ठिपका आला, मी बटण दाबलं. मागून बाबा म्हणाले, "हं." पुन्हा क्लिक, पुन्हा "हं." मग बराच वेळ ठिपका दिसेना. बाबांचा श्वास अडकलेला मला स्पष्ट ऐकू आला. कोपऱ्यात काहीतरी चमकलं, मी बटण दाबलं, आणि बाबा म्हणाले, "हं. पुढचा."