फोटोवाल्या वहिनींची पोथी

वहिनींना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या शाळेच्या व्हरांड्यात. डाव्या तळव्यावर पेन्सिल उभी धरून तिची सावली पडते का, पडलीच तर किती ठळक, हे त्या निरखत होत्या. काखेत तळहाताएवढं एक पुस्तक. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, निवृत्त होऊन त्याच आठवड्यात मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. त्यांच्यासोबत आम्हा सगळ्या शिक्षकांचा फोटो काढायचा होता. आम्ही वाट पाहत होतो फोटोवाल्या भाऊंची, आणि आल्या वहिनी.

भाऊंना नुकताच अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वहिनींचं आजवरचं काम दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीतलं, फोटो धुवायचे, सुकवायचे, कडा कापायच्या. कॅमेऱ्याला हात लावायची वेळच आली नव्हती. दुकान एका शिंप्याला भाड्याने देऊन टाकू, असा दिराने धोशा लावला होता. त्याला त्यांनी कसंबसं या फोटोपर्यंत थोपवून धरलं होतं. शाळेतल्या वर्गावर्गांचे फोटो हेच दुकानाचं मोठं काम. हा फोटो बिघडला असता तर शाळा दुसरीकडे गेली असती आणि दुकान शिंप्याकडे. हे सगळं त्यांनी माझ्याबरोबर बाकं सरकवता सरकवता सांगितलं, जणू शेजारणीची हकिगत.

पुस्तक भाऊंचं होतं. फिल्मवर फोटो काढायचे तेव्हा कॅमेऱ्याला स्वतःचं फारसं काही कळत नसे, म्हणून हौशी माणूस असो की धंद्याचा, खिशात असं एखादं पुस्तक बाळगायचा. जाड पुठ्ठा, बारीक छपाईचे तक्ते आणि एका पानावर फिरवायची चकती. लख्ख ऊन, ठळक सावली. विरळ ढग, पुसट सावली. दाट ढग, सावली नाही. आपला दिवस ज्या ओळीत बसेल तिच्यासमोरचे आकडे कॅमेऱ्यावर लावायचे.

वहिनी पावलागणिक पान उलटत होत्या. गणिताच्या सरांना राहवेना. पोथीचा हा कितवा अध्याय, असं त्यांनी विचारलं. वहिनींनी शिवणकामाची टेप काढून कॅमेऱ्यापासून मोठ्या बाईंच्या खुर्चीपर्यंत अंतर मोजलं, ते पंधरा भरलं. पुस्तकात पाहिलं, भिंगाभोवतीच्या अंतराच्या कड्यावर पंधराचा आकडा लावला आणि फोटो काढला.

घरी काय झालं ते त्यांनी मला पुढे सांगितलं. रसायनाच्या ट्रेमध्ये कागदावर चित्र उमटू लागलं तेव्हा आम्ही सगळे वाफेतून पाहिल्यासारखे धूसर. पार मागे, व्हरांड्याच्या टोकाला असलेले पिण्याच्या पाण्याचे नळ मात्र असे स्पष्ट की मधल्या नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंबसुद्धा दिसावा. त्यांनी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. पण रसायनाचा वास वरच्या खोलीतल्या भाऊंना कळल्याशिवाय कसा राहील? त्यांनी अंथरुणातून डावा हात पुढे केला तो मागे घेईनात. शेवटी फोटो द्यावा लागला. भाऊंनी तो बराच वेळ पाहिला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. पुन्हा झटका आला की काय, म्हणून वहिनी धावल्या, तर भाऊ हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

“मला इकडे रडू फुटतंय, आणि हे हसतायत. रागावू की पेढे वाटू, कळेना मला,” वहिनी म्हणाल्या.

हसू ओसरल्यावर भाऊंनी पुस्तक मागितलं. तक्त्याच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत ‘फूट’ लिहिलं होतं, त्यावर बोट ठेवलं. मग कॅमेऱ्याच्या कड्यावर ठेवलं. कड्यावरचे आकडे मीटरचे होते.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच वहिनी शिक्षकखोलीत हजर. फोटो मोठ्या बाईंसमोर ठेवला.

“बिघडला, बाई. फुटांचा आकडा मी मीटरवर लावला. परत काढू द्या.”

मोठ्या बाईंचं सामान पुढे गेलं होतं, लगेच पुढच्या दिवशी त्या निघणार होत्या. त्यांनी चष्मा चढवला. गणिताचे सर मागून डोकावले आणि निरोप नळांना होता का, म्हणाले.

“नळ गळतोय हे मी किती दिवस सांगत होते,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आता पुरावा आला.” मग वहिनींकडे वळल्या. “चांगले कपडे ट्रंकेत गेले गं. अशीच बसले तर चालेल?”

“चालेल, बाई. फक्त हलू नका.”

पुन्हा बाकं, पुन्हा टेप. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर, असा हिशोब सरांनी केला. वहिनींनी तो पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या कोष्टकाशी ताडून पाहिला, तेव्हा सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

फोटो उत्तम आला. रोजच्या कपड्यांत मोठ्या बाई जास्त त्यांच्यासारख्या दिसतात. दिराने फोटो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. शिंप्याने दुसरी जागा बघितली. मी निवृत्त होईपर्यंत शाळेचे फोटो वहिनीच काढत होत्या.

भाऊंची तब्येत विचारली की त्या सांगायच्या, “आज विरळ ढग.” कधी, “दाट ढग, विचारू नका.” ज्या दिवशी भाऊ डाव्या हाताने जेवले, त्या दिवशी रस्त्यापलीकडून ओरडून मला सांगितलं, “लख्ख ऊन!”

पुढे कॅमेरे आपले आपण उजेड मोजू लागले, आता तर फोनच सगळं करतो. रद्दीच्या दुकानात असं पुस्तक दिसलं की मी उचलते. मला अशा पुस्तकांचा सूर आवडतो: आधी सावली बघा, मग हे करून पाहा, बहुतेक जमेल. एका पुस्तकात आधीच्या मालकाने फक्त ‘दाट ढग’ या ओळीखाली रेघ मारली आहे. त्याचं कसं निभावलं असेल, असं मनात येतं.

भाऊंना जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी लेकीबरोबर दुकानाच्या वरच्या खोलीत राहतात. फोटो लेक काढते. वहिनी सकाळी खाली येऊन दुकान उघडतात आणि दुपारपर्यंत गल्ल्यावर बसतात.