क्लॅरिनेटवाला बोकड

एका बोकडावर मी अख्खा हिवाळा जळलो. तोही जिवंत बोकड नाही, कार्टूनमधला. डोक्यावर तिरकी टोपी, गळ्यात लाल रुमाल आणि तोंडात क्लॅरिनेट. त्याच्या बँडमध्ये ड्रमवर ससा, पियानोवर पाणघोडा आणि गायला एक नखरेल मांजर. ही मंडळी एका खटारा व्हॅनमधून गावोगाव फिरायची, प्रत्येक गावात काहीतरी घोळ व्हायचा, तो यांनी निस्तरायचा आणि शेवटी गाणं. बस, एवढंच. पण त्यापायी माझी सात वर्षांची मुलगी दर शनिवारी मला टांग मारून शेजारच्या घरी पळायची आणि इथे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शनिवार माझा होता हो! बायको नर्स, शनिवारी तिची सकाळची शिफ्ट. मी गोडाऊनमध्ये सुपरवायझर, आठवडाभर घरी पोचेपर्यंत मुलीचे डोळे मिटायला आलेले. त्यामुळे शनिवार सकाळ आम्हा दोघांची. हीटरसमोर बसून तांदळाचे पोळे खायचे, सांडायचं, कोणी ओरडायला नाही. मग दहा वाजता वसईला व्हिडिओ कॉल. थंडीत ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्लेटनचे दहा म्हणजे वसईचे साडेपाच. माझे पप्पा रोज चर्चमध्ये सहाच्या मिस्साला जाणारे, ते आंघोळ करून, भांग पाडून फोनसमोर बसलेलेच असायचे. नातीसाठी.

शेजारी एक म्हातारे ऑस्ट्रेलियन गृहस्थ एकटे राहतात. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले त्यांनी. एका शनिवारी गोडाऊनमधून फोन आला, तासाभरासाठी जाणं भागच होतं, म्हणून मुलीला त्यांच्याकडे सोडलं. "नो वरीज, मेट," म्हणाले. त्यांच्याकडे व्हिडिओ कॅसेटींनी भरलेलं एक कपाट आहे. त्यांची मुलं लहान असताना शनिवारी सकाळी टीव्हीवर लागायची ती सगळी कार्टून त्यांनी रेकॉर्ड करून ठेवली, मधल्या जाहिरातींसकट. मुलं मोठी होऊन पर्थला गेली, कॅसेटी राहिल्या. तासाभराने मी आणायला गेलो तर आमची बाई सोफ्यावर मांडी ठोकून बसलेली. "डॅडी, फाइव्ह मोअर मिनिट्स!" मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

आता यातली खरी चूक ऐका, कारण ती माझी. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलीला सांगितलं होतं, मला नावाने हाक मार. इथे तशीच पद्धत. पण मला ते कसंसंच झालं. सत्तरी उलटलेल्या माणसाला सात वर्षांचं पोर नावाने हाक मारणार? आमच्या गावात असं झालं असतं तर पोराआधी बापाची खरडपट्टी निघाली असती. म्हणून मीच मोठ्या तोऱ्यात तिला बजावलं, "नाव घ्यायचं नाही. आजोबा म्हणायचं." त्यांनाही अर्थ समजावून सांगितला. म्हातारा असा खुलला! दोन-तीनदा घोकून पाठच केला शब्द. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्या शनिवारी दहाला पप्पा स्क्रीनवर. "बाय कुठंय?" वसईत आम्ही लाडाने मुलीला बाय म्हणतो. मी फोन घेऊन कुंपणापाशी गेलो, हाक मारली. पलीकडून उत्तर आलं, "आय ॲम वॉचिंग विथ आजोबा!"

पप्पांनी ऐकलं. मग विचारलं, "कोण आजोबा?" मी सांगितलं. "बरं केलंस," म्हणाले, "एकट्या माणसाला तेवढीच सोबत." मग पाऊस किती झाला ते सांगितलं, आणि नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधीच मिस्साला निघाले.

तेव्हापासून माझं डोकं फिरलं. माझ्या बापाचं नातं मी माझ्या तोंडाने दुसऱ्याला देऊन बसलो होतो, आणि तेही कोणाला, तर ज्याला 'आजोबा' नीट म्हणता येत नाही त्याला. मी स्वतःला सांगत राहिलो की हा जळफळाट पप्पांसाठी आहे. मुलगा म्हणून माझं कर्तव्यच आहे जळणं.

आधी मी सरळ मार्गाने गेलो. तीच कार्टून इंटरनेटवर शोधून काढली. चकचकीत चित्र, स्वच्छ आवाज, जाहिराती नाहीत. मोठ्या टीव्हीवर लावली, पॉपकॉर्न केले. पाच मिनिटांत तिने तोंड वाकडं केलं. "डॅडी, यात बोकडाला उचकी लागत नाही." म्हणजे काय, तर शेजारच्या कॅसेटीची फीत एका जागी सैल पडली आहे, तिथे क्लॅरिनेटचा सूर हिंदकळतो, आणि म्हातारबुवांनी तिला सांगितलंय की बोकडाला उचकी लागते. आता याच्याशी मी काय स्पर्धा करणार, सांगा!

मग मी नीचपणा केला. शेजारी जाऊन सांगितलं की यापुढे शनिवारी सकाळी तिचा मराठीचा क्लास असेल. क्लासबिस काही नव्हता. "गुड ऑन यू, मेट," ते म्हणाले, "आपली भाषा सोडू नये माणसाने." आणि खिशातून तिच्यासाठी ठेवलेलं चॉकलेट काढून माझ्या हातावर ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

मुलीला मी म्हटलं, आजोबांना वेळ नाही. आणि पप्पांना म्हटलं, "या शनिवारी तिला क्लॅरिनेट वाजवून दाखवा." कारण, माझे पप्पा चाळीस वर्षं गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्याकडे बँडशिवाय लग्न नाही. नवरी घरून चर्चला निघते ती बँडमागून आणि परत येते तीही बँडमागून. म्हटलं, खरा वाजवणारा घरात असताना बोकडाची काय टाप!

पप्पांनी पहाटे साडेपाचला, शेजारपाजार उठू नये म्हणून दारंखिडक्या लावून, ताठ बसून एक जुनी मिरवणुकीची चाल वाजवली. दम कमी पडत होता, तरी पूर्ण केली. मुलगी शहाण्यासारखी बसून राहिली. "व्हेरी नाइस," म्हणाली. मग म्हणाली, "बट बोकड बसून नाही वाजवत. डान्स करत वाजवतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोकड, बोकड! काही मॅनर्स आहेत की नाही?" मी असा खेकसलो की ती रडायलाच लागली.

"तू गप रे," पप्पा फोनमधून म्हणाले. "तिला बोलू दे. बाय, कसला बोकड?"

तिने डोळे पुसले आणि सांगायला लागली, अर्धं इंग्लिश, अर्धं मोडकंतोडकं मराठी. टोपी, व्हॅन, उचकी, सगळं. पप्पा पुढे सरकून ऐकत होते. "बोटं कुठे धरतो तो? आणि गाल फुगवतो का?" तिने गाल टम्म फुगवून दाखवले. "मग लबाड आहे तो!" पप्पा म्हणाले. "गाल फुगवून क्लॅरिनेट वाजतच नाही. मला एकदा बघायलाच पाहिजे त्याला." त्या दिवशी पप्पांचा मिस्सा चुकला. मला आठवतंय तसं पहिल्यांदाच.

पुढच्या शनिवारी दहाच्या आधीच त्यांचा फोन. भांग पाडलेला. "चल, ने मला त्या बोकडाकडे."

झक मारत शेजारी जावं लागलं. म्हटलं, क्लास बंद झाला. म्हातारे माझ्याकडे बघत राहिले. "मी विचारलं तर ती मंगळवारीच कुंपणावरून सांगून गेली," ते म्हणाले, "की क्लास कधी नव्हताच." रागावले नाहीत, हसलेही नाहीत. दार पूर्ण उघडलं. "कम इन, मेट. बाहेर गारठा आहे."

टीव्हीसमोरच्या टीपॉयवर बिस्किटांचा डबा होता, त्याला टेकवून मुलीने फोन उभा केला, पप्पांना पडदा दिसेल असा. सोफ्यावर ती आणि म्हातारबुवा. कॅसेट लागली. बोकड नाचत आला, गाल फुगवले, आणि उचकीची जागा आली तसे तिघंही एकदम हसले. पप्पा तर असे हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना इंग्लिश येत नाही, यांना मराठी येत नाही, पण पप्पा "खोटारडा, खोटारडा!" म्हणून ओरडत होते आणि म्हातारबुवा मान डोलावत होते.

मी दारापाशी उभा. पप्पांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या लहानपणी शनिवार-रविवार ते कुणा ना कुणाच्या लग्नात. फक्त ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे लग्नं होत नाहीत, तेव्हा ते घरी असायचे. तेव्हा टीव्हीवर कार्टून लागलं की मी चटईवर बाजूला सरकून त्यांच्यापुरती जागा करून ठेवायचो. ते क्लॅरिनेट खोलून साफ करायचे, एकदा टीव्हीकडे बघायचे, "काय माकडचाळे हे," म्हणायचे आणि उठून अंगणात जायचे. मी दर वेळी सरकायचो, आणि ते दर वेळी जायचे.

शेजाऱ्याचं, बोकडाचं, सगळं झूट होतं. मी जळत होतो ते माझ्या पोटच्या पोरीवर. लाज वाटली, पण तरी जळतच होतो.

खिडकीतून ऊन थेट टीव्हीवर येत होतं. पप्पांना नीट दिसावं म्हणून मी पडदा ओढायला पुढे गेलो.

"अरे, मध्ये कशाला कडमडतोस?" फोनमधून पप्पा ओरडले. "हो बाजूला. आमचं बघणं चाललंय ना!"