एका हातचे बावीस अर्ज

कपात म्हणजे काय हे मला वर्तमानपत्रातून कळलं नाही. मंदीच्या दिवसांत ह्यांच्या पगाराला कात्री लागली आणि आमच्या थोरलीची शाळा सुटली. मुलगे शिकलेच पाहिजेत म्हणून त्यांची फी चालू राहिली. तिची, पाचवी इंग्रजीची, तेवढी बंद केली. "कपात उठली की परत घालू हो तुला," असं हे तिला म्हणाले. पोरीनं पुस्तकं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून फळीवर ठेवली आणि वाट बघत बसली.

ह्यांची नोकरी रत्नागिरीतल्या एका कचेरीत, कारकुनाची. दोन-तीन वर्षांनी बाकीच्या खात्यांत पगार पूर्ववत झाले, भत्ते सुरू झाले. आमच्या कचेरीत मात्र कपात घरजावयासारखी ठाण मांडून बसली. साहेबांचं म्हणणं असं की सगळ्यांनी मिळून अर्ज केला तर तो कट समजला जाईल. ज्याला काही मागायचं असेल त्यानं आपापला अर्ज करावा. झालं, सगळी कचेरी आमच्या ओटीवर.

कारण ह्यांचं अक्षर. ह्यांच्या मोडीला साऱ्या तालुक्यात नाव होतं. खेड्यातला तलाठीसुद्धा कागद हातात घेतल्याबरोबर, सही न बघता, तो कुणी लिहिला ते सांगायचा. ह्यांना त्याचा केवढा अभिमान!

"तुम्ही मजकूर सांगा, आम्ही आपापल्या हातानं उतरवून घेतो," असं एक कारकून म्हणाला होता. खोटं कशाला बोलू, एकानं तरी म्हटलं. त्यावर हे हसले.

"तुमची ती कोंबडीची पावलं साहेबांपुढे जायची? वाचायच्या आधीच टोपलीत जातील."

शिपाई तर सरळ माझ्याकडेच आला. त्याचा पावसाळ्यातला घोंगडीचा भत्ता बंद झाला होता. "वैनी, माजा अर्ज पन त्यांनाच लिवूंदे. त्यांच्या हाताला यश हाय."

दोन रविवार हे लिहीत होते. थोरली शेजारी बसून एकेका कागदाचा समास दुमडून देत होती. मधूनच विचारी, "बाबा, एवढ्यानं मिळेल ना हो?" हे मान वर न करता म्हणत, "मिळेल, मिळेल." मी चहा करून देत होते आणि, सांगायला लाज वाटते, ते अक्षर बघून मीही फुगत होते. बावीस अर्ज, बावीस सह्या नि अंगठे, आणि हात एकच. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अक्षराच्या कौतुकात आम्हाला दिसलं नाही.

साहेबांनी सगळे अर्ज टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि एकेकाला आत बोलावलं. "मीच त्यांना लिहायला सांगितलं," एवढं वाक्य बोलायला एकाचीही जीभ उचलली नाही. कुणी म्हणाला, त्यांनीच आग्रह केला. कुणी म्हणाला, मी न वाचताच सही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ह्यांच्यावर रागावू की त्यांच्यावर, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

दोन महिन्यांनी कपात उठली. सगळ्यांची उठली, ह्यांचीसुद्धा. शिपायाला घोंगडीचा भत्ता मिळाला. त्याच टपालात ह्यांच्या बदलीचा हुकूम होता. संगमेश्वराच्याही आत, डोंगराच्या अंगाला एक गाव. पगार पुरा, पण गावात मराठी शाळा तेवढी, इंग्रजी नाही.

कचेरीतल्या एका कारकुनाचं घर थोरलीच्या शाळेला लागूनच होतं. मी मानापमान गुंडाळून त्याच्याकडे गेले. म्हटलं, मुलीला ठेवून घ्या, तिच्या जेवणाखाण्याचं आम्ही देऊ. त्याच्या बायकोनं आधी माझ्या हातावर पेढा ठेवला, पगार पूर्ववत झाल्याचा. मग म्हणाली, "वयात आलेली मुलगी, वहिनी. उद्या काही झालं म्हणजे आम्हाला बोल." तिच्या नवऱ्याचा अर्ज त्या बाविसांत सगळ्यात लांबलचक होता. गरज सरो, वैद्य मरो. पेढा त्यांच्याच पायरीवर ठेवून मी घरी आले.

दोन वर्षांनी थोरलीचं लग्न झालं. सासरहून तिचं पहिलं पत्र आलं. अक्षर हुबेहूब ह्यांचं. ह्यांनी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. "वळण बिघडलं नाही गो पोरीचं," म्हणाले, आणि डोळे पुसले.

मजकूर मी वाचला. "आई, फळीवरची माझी पुस्तकं असतील तर कुणाबरोबर तरी पाठव. इथे दुपारी सगळी निजतात, मला झोप येत नाही."

ती पुस्तकं, सामान हलकं व्हावं म्हणून, रत्नागिरी सोडतानाच मी वाण्याला पुड्या बांधायला दिली होती.