चाबी देण्याआधी महादेवराव

महादेवरावांना नाही म्हणता येत नसे. बाकी त्या माणसात खोट काढायला जागा नव्हती. मानेवाड्यात त्यांचं घर, घरासमोर नऊ वर्षांची पांढरी पिकअप, आणि ती अशी नीट ठेवलेली की काल शोरूममधून आणली म्हणावं. हंगामात सावनेरहून कळमन्याच्या बाजारात संत्री, एरवी रामदासपेठेतल्या दवाखान्यांचे पलंग आणि कपाटं, असं तिचं काम चाले. सोमवार ते शनिवार ती महादेवरावांची असे. रविवारी ती सगळ्या गोताची होई.

गाडी चांगली ठेवण्यात एक तोटा असतो आणि तो कंपनीच्या पुस्तकात छापलेला नसतो. चांगली गाडी लोकांना आठवते. पलीकडच्या गल्लीत गोपाळरावांचीही पिकअप होती, पण तिचं दार तारेनं बांधलेलं आणि चढावर ती धापा टाकी. तिला कोणी मागत नसे. गोपाळराव रविवारी दुपारी बारापर्यंत झोपत. महादेवराव मात्र कुणाच्या साक्षगंधाचे पाहुणे, कुणाचा फ्रिज, कुणाच्या विटा यासाठी चाबी काढून देत, आणि गाडी परत आली की सोमवारी सकाळी हौद्यातला चुना खरवडत बसत.

"गाडी आपली हाय का गावची?" बायको मनकर्णा विचारायची.

"आपलेच लोक होत," महादेवराव म्हणायचे.

"आपले हाय म्हणून तं विचारून राहिली."

उपाय सापडला तो अपघातानंच. मनकर्णेचा भाऊ सुशील एका शनिवारी संध्याकाळी आला. घर बदलायचं होतं, उद्या गाडी पाहिजे होती. मागच्या वेळी त्यानं चाकात हवा कमी असताना फरशी भरली होती, म्हणून महादेवरावांनी चाबी हातात देण्याआधी फक्त एक गोष्ट सांगायची ठरवलं.

"हवा सकाळीच पाहाजो, चाक थंड असताना. गाडी धावली का चाक गरम होते, मंग काटा खोटं बोलते. आन् उन्हाळा हाय म्हणून हवा कमी नको ठेवजो. कमी हवेचंच चाक जास्त तापते आन् फुटते."

"बरं, भाऊजी."

"माल भरताना जड सामान केबिनकडे, खाली. मागं वजन गेलं का समोरची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग आयकत नाई."

"बरं."

एक गोष्ट दुसरीला घेऊन आली. दोर कसा बांधावा, आणि दहा किलोमीटरवर थांबून तो पुन्हा का ताणावा. रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागून का घसरते. रेडिएटरचं झाकण गरम असताना का उघडू नये. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून न बसता खालचा गिअर का टाकावा. डिझेलच्या फिल्टरात साचलेलं पाणी कधी काढावं. विसाव्या मिनिटाला सुशीलनं घड्याळ पाहिलं. चाळिसाव्या मिनिटाला तो उठला.

"राहू द्या भाऊजी, मी टेम्पो पाहून घेतो."

तो गेला. महादेवराव हातातल्या चाबीकडे बघत राहिले. नऊ वर्षांत जे 'नाही' तोंडातून निघालं नव्हतं, त्याचं काम हवेच्या काट्यानं केलं होतं.

त्यानंतर ते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणू लागले, "गाडी देतो, पण आधी आयकून घे." शब्द अगदी प्रेमाचे. पाट घ्या, पाणी घ्या, चहा होतोच आहे. सांगितलेलं सगळं खरं, कामाचं आणि फुकट. दोन महिन्यांत गोतातलं कोणी गाडी मागेनासं झालं. लग्नात लोक त्यांच्या पंगतीला बसायचं टाळू लागले. गाड्यांमधला जाणकार म्हणून त्यांचं नाव मात्र उमरेडपर्यंत पोचलं, कारण ज्यानं त्यानं आपण का पळालो ते सांगताना हेही सांगितलं की माणूस ज्ञानी आहे.

ज्ञानी माणसाला मग बोलण्याची गोडी लागली. सकाळी गाडीखाली शिरायच्या वेळी ते ओट्यावर बसून शेजाऱ्यांना ग्रीसचं महत्त्व सांगत. शेजारी ऐकत, निदान बसत तरी. ग्रीसगन कोपऱ्यात टांगलेली राही. इतकं बारीक सांगितलं की काम केल्यासारखंच वाटतं, हे महादेवरावांच्या ध्यानात आलं नाही.

श्रावणात उमरेडहून त्यांची मावसबहीण वच्छला आली. नवऱ्याची पाठ धरल्यापासून त्याची मालवाहू ऑटो हीच चालवत होती, आणि पिकअपवरही तिचा हात बसलेला होता. पाचपावलीत एकानं विणकाम बंद केलं, त्याचे दोन हातमाग तिनं घेतले होते. ऑटोत ते मावणारे नव्हते.

"देतो," महादेवराव म्हणाले, "पण आधी आयकून घे."

"त्याच्यासाठीच तं आली, दादा," ती म्हणाली आणि पिशवीतून वही काढली.

महादेवराव दोन तास बोलले. वच्छलानं दोन तास लिहिलं. मधूनमधून ती विचारी, "पाट्याचे नट म्हणजे कोणते? कमानीले आवळून धरतात तेच ना?" चहा दोनदा झाला. बोलण्यासारखं संपत आलं तेव्हा महादेवरावांनी हेडलाइटच्या काचेवर दहा मिनिटं काढली. तीही उतरली वहीत.

"अजून काई राहिलं असन तं सांगा."

काही राहिलं नव्हतं. त्यांनी चाबी दिली. वच्छला गाडीपाशी गेली, वही बोनेटवर उघडी ठेवली आणि एकेक ओळ वाचत गाडी तपासू लागली. स्टेपनी अंगठ्यानं दाबली तर अंगठा आत गेला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली होती. डावं पुढचं चाक आतल्या बाजूनं झिजलं होतं. मग ती पदर खोचून खाली शिरली आणि तिथूनच बोलली.

"दादा, ग्रीस दर पंधरवड्याले म्हणालात ना? हे तं सुकून खडा झालं. आन् पाट्याचा एक नट हातानं फिरून राहिला."

मनकर्णा दारात उभी होती. ती दूध उतू जात असल्यासारखी आत गेली. चुलीवर दूध नव्हतं.

वच्छला बाहेर आली, हात पुसले आणि चाबी त्यांच्यासमोर धरली. "ही गाडी आज मी नेत नाई. नट ढिला असन तं माल भरायचा नाई, तुम्हीच सांगतलं."

नऊ वर्षांत गाडी मागून न नेता परत करणारी ती पहिलीच. महादेवरावांचे कान तापले. वाटलं म्हणावं, अशीच नेजो, काई होत नाई. पण ते वाक्य इतरांच्या तोंडून ऐकून त्यांनी इतक्यांना झापलं होतं की आता ते त्यांच्या जिभेवर चढेना. त्यांनी सदरा काढला, पाना घेतला आणि गाडीखाली शिरले. नट आवळले, ग्रीस मारलं, टोकं गरम पाण्यानं धुतली. दुपारी दोघं गॅरेजात गेली, झिजलेलं चाक बदललं, स्टेपनीत हवा भरली, चाकांची अलाइनमेंट केली. वच्छला प्रत्येक कामावर वहीत बरोबरची खूण करत होती. पेपर तपासावा तशी.

दुसऱ्या दिवशी माग भरले. महादेवराव सोबत गेले, पण बाजूच्या सीटवर. मागांचे जड तुळवे, म्हणजे लाकडाचे लांब दांडे, केबिनला टेकवून खाली, हलकं सामान मागं, वर ताडपत्री. दिघोरी सोडून उमरेड रोडला लागल्यावर कोळशाचे ट्रक अंगावरून जाऊ लागले. वच्छला शांतपणे चालवत होती. विहीरगावच्या पुढं तिनं गाडी कडेला घेतली.

"काहून थांबली वं?"

"दहा किलोमीटर झाले. दोर."

महादेवराव उतरले. दोर पाहायला थांबायचं हे ते शंभर जणांना बोलले असतील. स्वतः मात्र कधी थांबले नव्हते. ते कुठंतरी वाचलेलं होतं आणि सांगायला बरं वाटे. त्यांनी दोरावर हात ठेवला. तो चांगला चार बोटं सैल झाला होता, आणि वरचा तुळवा रस्त्याच्या बाजूला सरकला होता. मागून कोळशाचा ट्रक येत होता. त्यांनी तुळवा आत लोटला, दोर ताणून गाठ मारली आणि येऊन बसले.

महादेवराव बसनं परतले; माग पुढं दिवाळीआधी तिच्या घरी लागले. गाडी तिसऱ्या दिवशी परत आली, धुतलेली, टाकी भरलेली.

इथवर ठीक होतं. पण वच्छलानं वहीची पानं फोटो काढून नात्यातल्या ग्रुपवर टाकली, महादेवदादांनी किती प्रेमानं सांगितलं म्हणून. पुढच्याच शनिवारी सुशील हजर.

"भाऊजी, सांगू नका. सगळं वाचलं," तो म्हणाला. "हवा थंड चाकात, जड माल केबिनकडे, दहा किलोमीटरवर दोर. चाबी द्या."

महादेवरावांकडे आता सांगायला काही उरलं नव्हतं. त्यांनी मनकर्णेकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती आणि भावाच्या बाजूनं किंवा विरुद्ध, काहीच बोलणार नव्हती.

"उद्या नाई देत," महादेवराव म्हणाले. "उद्या मले गाडीखाली काम हाय."

"बरं," सुशील म्हणाला, चहा पिऊन गेला.

महादेवरावांनी चाबी खुंटीवर टांगली आणि कोपऱ्यातली ग्रीसगन उतरवली. नाही म्हणणं एवढंच होतं तर.