घाट बंद आहे, असं मी वाचलं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आजही दोन ओळी लिहिल्या की उठतो, पाण्याची मोटार बंद केली का ते पाहून येतो, पुन्हा बसतो.

बायकोला काचबिंदू झाला तेव्हा मुलाने ब्रह्मपुरीच्या आमच्या घरी मोठा टीव्ही लावून दिला. तिला माणसं दिसायची, चेहरे नाही. दुपारची जेवणं झाली की आम्ही एक जपानी मालिका पाहायचो. जुन्या काळातली, एका सरदाराच्या बायकोच्या आयुष्याची. लग्न होऊन ती डोंगरापलीकडच्या गढीत येते, तिथून गोष्ट सुरू होते. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मी ती वाचून आमच्या बोलीत सांगायचो. सरदाराच्या बायकोचं नाव आमच्या घरात ‘मालकीणबाई’ पडलं होतं.

“मालकीणबाई काय करून राह्यली जी?”

“चहा घोटून राह्यली.”

“मघापासून? आपल्या घरचे पाहुणे त उठून गेले असते.”

एका भागात मालकीणबाईच्या माहेरून निरोप आला. आई अंथरुणाला खिळली होती, लेकीला पाहायचं म्हणत होती. पण गढीवर मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांची उठबस दुसऱ्या कोणाला जमणारी नव्हती. सरदार कारभाऱ्याशी हळू आवाजात काही बोलला. खाली अक्षरं आली: घाटातलं बर्फ वितळलं आहे, पण तिला सांगू नका.



“काय म्हन्ते तो?”

“घाट बंद आहे म्हन्ते. बर्फ पडला.”

“मंग त्याले कोण काय करन,” ती म्हणाली. “आपलाबी पूल तसाच होता.”

आमचा पूल पर्लकोटा नदीवरचा. तिचं माहेर भामरागडला. आई फार आजारी असल्याचा निरोप आला तो ऐन रोवणीत, धानाच्या लावणीत. बांध्यांत चिखल तयार होता, लावायचे परे, धानाची रोपं, उपटून ठेवले होते, आणि रोवणाऱ्या बाया तिच्या शब्दावर यायच्या. ती गेली असती तर त्या दुसऱ्याच्या शेतात गेल्या असत्या. मी बस स्टँडवर चौकशी करायला गेलो. आलापल्लीकडून आलेला ड्रायव्हर म्हणाला, “पानी उतरलं भाऊ, गाड्या चालू झाल्या.” घरी येऊन मी सांगितलं, पूल पाण्याखाली आहे. तिने पिशवी भरून ठेवली होती, ती रिकामी केली आणि शेतात गेली. आमची रोवणी आटपत आली तेव्हा खरोखरचा पूर आला, आणि पूल पाण्याखाली असतानाच तिची आजारी आई गेली. तिला मातीलाही जाता आलं नाही. उलट तीच मला म्हणाली, तुमी तरी काय करसान.

त्या भागानंतर मला खुर्चीत बसवेना. पुढे मालकीणबाईला खरं कळलं, तेही मी वाचलं नाही. मग गोष्टीला भोकं पडायला लागली.

“मालकीणबाई नवऱ्यासंगं काऊन नाई बोलत?”

“तब्येत बरी नाई तिची.”

“तीन भाग झाले. एखांदा वैद नाई का त्याहिच्याकडं?”

मालिका बंद करू म्हटलं तर ती ऐकेना. शेवटच्या भागात सरदार मरायला टेकला. मालकीणबाई उशाशी बसली. तो तिच्याकडे पाहत राहिला, बोलला काहीच नाही. खाली एक अक्षर नव्हतं. आणि मी वाचायला लागलो: “त्या दिशी घाट उघडा होता. मले माहीत होतं…”

“थांबा,” ती म्हणाली. “आवाज त नाई येऊन राह्यला. बोलून कोण राह्यलं?”

“मनातल्या मनात बोलते तो.”

“मनात बोलल्यानं तिले काय आयकू येन? मोठ्यानं बोल म्हना त्याले.”

तिचा चेहरा माझ्याकडे वळला होता. तिला माझा कितपत दिसत होता, मला माहीत नाही. मी टीव्ही बंद केला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. नळ सुरू केला, ग्लास विसळत राहिलो.

“काय म्हन्ला मंग तो?” तिने बाहेरून विचारलं.

“काई नाई. मेला.”

गेल्या हिवाळ्यात ती गेली. त्या दुपारी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन मला तिला एवढंच म्हणायचं होतं: पूल उघडा होता वं, मले माहीत होतं. माह्यं चुकलं.