पत्र्याखालच्या दोन पांढऱ्या वायरी

फुंडी सिवेमाला आपण ओळखत होतो, असं म्हणायला शेकिओंडो म्हाताऱ्याची जीभ कधी रेटली नाही. तीन वर्षांत ती त्यांच्या घरी फार तर सहा वेळा आली असेल. मुहेझा गावात वायरिंगची फुंडी, म्हणजे कारागीर, अशी बाई ती एकटीच, म्हणून नाव सगळ्यांना ठाऊक. पण ती राहायची कुठे, घरी कोण होतं, डाव्या हाताची करंगळी वाकडी कशाने झाली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. घायपाताच्या मळ्यावर एकतीस वर्षं वजनाचे आकडे लिहिलेला माणूस; विचारायची सवयच नव्हती.

त्यांना माहीत होती ती फक्त तिची कामाची रीत. आधी मुख्य स्विच बंद करायचा, मग फ्यूज काढून खिशात टाकायचा.

"स्विच कुणीही चालू करतं, बाबा. माझ्या खिशात कुणी हात घालत नाही," ती म्हणायची.

तिसऱ्या वर्षी शेकिओंडोंची बायको जुहुरा पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. खाट मागच्या खोलीत, टीव्ही पुढच्या. मालिका तिला भिंतीपलीकडून नुसती ऐकू यायची. टीव्ही मागे हलवायचा तर डिशची वायर काढून नव्याने ओढायला हवी, म्हणून सिवेमाला बोलावलं.

तिने टीव्हीचा प्लग काढला, फ्यूज खिशात टाकला आणि मागच्या बाजूला शिडी लावली. पत्र्याखाली दोन पांढऱ्या वायरी एकत्र बांधलेल्या होत्या.

"बाबा, या दोन्ही डिशच्याच ना?"

त्यातली एकच डिशची होती. दुसरी, डिश बसवताना उरलेली, शेकिओंडोंनीच दोन वर्षांपूर्वी बांधली होती. पिल्लांना ऊब हवी, म्हणून त्यांनी शेजारच्या मकामेच्या दुकानातून खुराड्यातल्या बल्बला वीज आणली होती. घरचा फ्यूज काढला तरी तिच्यातली वीज जात नव्हती. पण मघाशीच चहा पिताना सिवेमा हसत म्हणाली होती, "टीव्हीच्या वायरीतून वीज नेणारे गाढव या गावात काही कमी नाहीत, बाबा."

"हं," शेकिओंडो म्हणाले.

तिने गाठ सोडली. खिडकीतून जुहुरा ओरडली, "हमीसीचे बाबा, किती वेळ? तिकडे माझ्या सुनेला घराबाहेर काढतील!"

"कुणाच्या सुनेला?" सिवेमाने वरून विचारलं.

"मालिकेतल्या गं! माझी सून मला घराबाहेर काढेल, तिला कोण काढतंय!"

सिवेमा हसली. हसता हसताच तिने खुराड्याकडे जाणारी वायर पक्कडीत धरली.

"थांब!" शेकिओंडोंचा आवाज एवढा मोठा असेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. "ती डिशची नाही. तिच्यात वीज आहे. मकामेची. मीच... मीच लावलीय."

पक्कड जागच्या जागी थांबली. सिवेमा सावकाश खाली उतरली आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली. शेकिओंडो जमिनीकडे बघत शिव्यांची वाट पाहत राहिले.

"चूक माझीही आहे," ती म्हणाली. "विचारून कापायचं नसतं. दोन्ही टोकं बघून कापायचं असतं."

ती मकामेच्या दुकानात गेली, तिथला प्लग काढला, टेस्टर लावून बघितलं, आणि मगच ती वायर उतरवली. दुपारी टीव्ही मागच्या खोलीत लागला. मालिकेतली सून तोवर घराबाहेर पडलेली होती. जुहुराने दोघांनाही त्याबद्दल माफ केलं नाही.

पुढच्या महिन्यात सिवेमा गाव सोडून गेली. कुणी म्हणे टांगा शहराला, कुणी म्हणे दार-एस-सलामला. शेकिओंडोंनी नक्की कुठे ते विचारलं नाही. जाण्याआधी एकदा संत्र्यांच्या बाजारात ती समोर आली. डोक्यावर पाटी होती, घाईत होती.

"बाबा, खुराड्याची वायर नवी घातली?"

"घातली."

"कुणी घातली?"

"मी नाही."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि गर्दीत पुढे गेली.